आनंदी राहा असं सांगण्याआधी

नोकरीत माणूस सुखी की दुःखी हे त्याच्या मनोवृत्तीवर ठरतं, असं हल्ली इतक्या सहजपणे बोललं जातं की त्यावर कुणी शंका काढली तर तोच कुरकुऱ्या ठरतो. सकाळी मोबाइल उघडला की सुप्रभातच्या फुलांखाली हेच लिहिलेलं, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भिंतीवर हेच, बारावी झालेल्या मुलांच्या मार्गदर्शन शिबिरातही हेच: परिस्थिती आपल्या हातात नसते, दृष्टी असते, ती बदला. माझं मत वेगळं आहे आणि ते गोव्यात राबणाऱ्या माणसांकडे बघून झालेलं आहे. मनाचा वाटा मी नाकारत नाही, त्याबद्दल पुढे लिहिणार आहे. पण कामाच्या जागी माणसाचं मन कसं राहील हे बऱ्याच अंशी कामाचे तास, नोकरीची शाश्वती, वरच्यांची वागणूक आणि स्वतःच्या वेळेवरचा ताबा यांतून ठरतं. या गोष्टी ज्यांच्या हातात आहेत त्यांनी त्या आहेत तशाच ठेवायच्या आणि समोरच्याला मन आनंदी ठेवायला सांगायचं, हा अन्याय आहे.

एका औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात अशा एका शिबिराला बसण्याचा योग आला होता. व्याख्याते हिंदीतून बोलणार होते आणि पॅकिंग विभागातल्या बायकांना मराठीतून समजावून द्यायला कुणीतरी हवं होतं, म्हणून मला बोलावलं होतं. बहुतेक जणी सत्तरी आणि डिचोली तालुक्यांतल्या. शिबिर ठेवलं होतं ते त्यांच्या सुट्टीच्या दिवशी. व्याख्यात्यांनी चिठ्ठ्या वाटल्या आणि आज कशाबद्दल कृतज्ञ वाटतं ते लिहायला सांगितलं. कुणी मुलांबद्दल लिहिलं, कुणी सातेरी देवीबद्दल, कुणी सासूच्या सुधारलेल्या तब्येतीबद्दल. एका चिठ्ठीवर होतं, 'आज बस चुकली नाही.' ती मोठ्याने वाचून दाखवली गेली, टाळ्या झाल्या, आणि लहान गोष्टींत आनंद शोधायचा तो असा, असं व्याख्याते म्हणाले.

जेवणाच्या वेळी मी ती चिठ्ठी लिहिणाऱ्या वहिनींच्या शेजारी बसले. वाळपईच्या पुढे त्यांचं गाव. कंपनीची बस हमरस्त्यापर्यंतच येते. तिथवर त्या अंधारात चालत येतात. पावसाळ्यात एका हातात छत्री, दुसऱ्या हातात विजेरी, डब्याची पिशवी काखेला. बस दोन मिनिटं आधी सुटली तरी दिवस बुडतो, त्या दिवसाचा पगार जातो आणि दुसऱ्या दिवशी सुपरवायझरसमोर उभं राहून कारण सांगावं लागतं. 'बस चुकली की रात्रीपर्यंत कशातच जीव लागत नाही, ताई,' त्या म्हणाल्या. त्यांच्या चिठ्ठीत एक तक्रार होती आणि उपायही तिथेच होता. बस गावातल्या देवळापर्यंत नेली असती तर त्या बाईचा आणि तिच्याबरोबर चालत येणाऱ्या सगळ्याजणींचा रोजचा घोर मिटला असता. व्यवस्थापनातली माणसं पहिल्या रांगेत बसली होती. पण तक्रार कृतज्ञतेच्या कागदावर लिहिलेली होती, त्यामुळे ती तक्रार म्हणून कुणाच्या कानावर पडलीच नाही. अशा शिबिरांवर माझा खरा आक्षेप हाच आहे. ती माणसाला आपलं दुःख ओळखायला शिकवण्याऐवजी त्याला दुसरं नाव द्यायला शिकवतात.

या शिकवणीमागे शास्त्र आहे, असं आवर्जून सांगितलं जातं. दोन संशोधनं सारखी पुढे केली जातात. पहिलं १९७८ सालचं. फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत लॉटरी लागलेल्या २२ जणांना, अपघातात शरीर लुळं पडलेल्या २९ जणांना आणि चारचौघांसारखं आयुष्य असलेल्या २२ जणांना त्यांच्या सुखाबद्दल विचारलं. लॉटरीवाले इतरांपेक्षा फारसे सुखी नव्हते. त्यावरून अशी कथा पसरली की लॉटरी लागो की पाय जावोत, माणूस फिरून आपल्या मूळच्या सुखावर येतोच. मूळ निबंधातले आकडे मात्र वेगळं बोलतात. ० ते ५ च्या मोजपट्टीवर सर्वसाधारण माणसांचं सुख ३.८२ होतं आणि अपघातग्रस्तांचं २.९६. अपघातग्रस्त अंदाजापेक्षा बरे होते, हे खरं. पण ते इतरांइतकेच सुखी होते, असं तो निबंध कुठेही म्हणत नाही.

दुसरं संशोधन २००५ चं, सोन्या ल्युबोमिर्स्की, केनन शेल्डन आणि डेव्हिड श्काडे यांचं. सुखाचे ५० टक्के जन्मजात, ४० टक्के माणसाच्या स्वतःच्या प्रयत्नांचे आणि परिस्थितीचे फक्त १० टक्के, हा हिशेब तिथून आला. शिबिरातल्या पडद्यावर तो गोल तक्त्याच्या रूपात झळकतो आणि बघणाऱ्याला वाटतं, माझ्या दुःखात माझ्या पगाराचा, माझ्या साहेबाचा, माझ्या बाराबारा तासांचा वाटा दहाच टक्के. त्या आकड्यांचा अर्थ असा नाही. ते एका माणसाच्या सुखाचे तुकडे नाहीत. माणसामाणसांत जो फरक दिसतो त्याचा कितीसा भाग कशामुळे, याचा तो अंदाज आहे. एकाच विहिरीचं पाणी पिणाऱ्या वाड्यात कोण आजारी आणि कोण धडधाकट याची कारणं शोधली तर विहिरीचा वाटा शून्य निघेल, कारण ती सगळ्यांना सारखीच आहे. म्हणून ती नासली तरी चालेल, असं कुणी म्हणेल का? ज्यांची पाहणी केली त्यांची परिस्थिती एकमेकांसारखी आणि बऱ्यापैकी असेल तर परिस्थितीचा वाटा लहानच दिसणार. पुढे शेल्डन आणि ल्युबोमिर्स्की यांनी स्वतःच त्या ४० टक्क्यांचा अंदाज जास्त असावा असं मान्य केलं. ती कबुली शिबिरांपर्यंत पोचलेली नाही.

परिस्थिती माणसाचं मन कसं घडवते हे बघायचं असेल तर व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल गावाची हकिगत वाचावी. सगळं गाव एका कापड गिरणीवर जगत होतं. १९२९-३० च्या मंदीत गिरणी बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल हे तरुण संशोधक तिथे गेले. त्यांनी भाषणं दिली नाहीत, बघितलं. रस्त्यावरून माणसं किती वेगाने चालतात तेही मोजलं. बायका घरच्या कामाच्या ओढीने चालत होत्या. पुरुष पुन्हापुन्हा थांबत होते, रेंगाळत होते. वाचनालयातून घरी नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली होती, आणि तीही वर्गणी माफ केल्यावर. वेळच वेळ होता, पुस्तकं फुकट होती, तरी वाचायला मन नव्हतं. याच माणसांची मनोवृत्ती गिरणी चालू असताना उत्साही होती. गिरणीबरोबर ती बंद पडली.

मारिएनथालची गोष्ट डिचोली, सांगे, धारबांदोडा या बाजूच्या माणसाला परकी वाटणार नाही. २०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. २०१४ च्या निकालानंतर काम मर्यादित प्रमाणात सुरू झालं आणि ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ लीज रद्द होऊन मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं थंडावलं. खाणींनी शेतं मातीने भरली, झरी आटवल्या, नद्या लाल केल्या. बेकायदा उत्खनन थांबायलाच हवं होतं आणि न्यायालयाच्या निर्णयाविरुद्ध मला काही म्हणायचं नाही. मी त्या माणसांच्या मनाबद्दल बोलते आहे. आमच्या नात्यातले एक काका खाणीवर स्वतःचा ट्रक चालवत. हप्ते चालू असतानाच ट्रक अंगणात उभा राहिला. पहिले काही महिने ते दर रविवारी तो धुवायचे, इंजिन चालू करून बघायचे. मग धुणं थांबलं. टायरांखाली गवत वाढलं. देवळात भजनाला पेटी वाजवायचे ते काका संध्याकाळी घराबाहेर पडेनासे झाले, कारण वाटेत कुणीतरी 'काय मग, ट्रकाचं काय केलंस?' असं विचारणार. त्यांना मनाची शिकवण कमी पडली असं कुणी म्हणू नये. आयुष्यभर अभंग म्हणणारा माणूस तो.

ते आता पर्यटकांची टॅक्सी चालवतात. कर्ज फिटलं, घर सावरलं. तरी पूर्वीचा मोकळेपणा परत आलेला नाही आणि पेटीवरचं फडकं क्वचितच निघतं. रिचर्ड लुकास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली जर्मनीतल्या २४ हजारांहून अधिक माणसांची १५ वर्षांची माहिती तपासून हेच सांगितलं होतं: नोकरी गेलेल्या माणसाला पुन्हा काम मिळालं तरी त्याचं समाधान सरासरीने पूर्वीच्या पातळीवर पूर्णपणे परत येत नाही. माणूस सगळ्याला सरावतो ही आपली आवडती समजूत बेकारीपुढे टिकत नाही.

यावर कुणी म्हणेल की बेकारी हे टोकाचं उदाहरण झालं. नोकरी आहे, पगार वेळेवर होतो, मग उरलेलं मनावरच. याचं उत्तर लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत मिळालं. मायकल मार्मोट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश सरकारी नोकरांच्या प्रकृतीच्या दोन दीर्घ अभ्यासांवर काम केलं. पहिला १९६७ पासून, दुसरा १९८५ पासून, त्यात १०,३०८ स्त्री-पुरुष होते. यांतला कुणीही दरिद्री नव्हता, नोकरी पक्की होती, दवाखाना सगळ्यांना एकच होता. तरी पहिल्या अभ्यासात सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांत हृदयविकाराने होणारे मृत्यू वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाले. सिगारेट, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही फरक उरत होता. दुसऱ्या अभ्यासात त्या फरकाचा एक मोठा धागा सापडला: आपलं काम कसं आणि केव्हा करायचं यावर माणसाचा स्वतःचा किती ताबा आहे. कामाचा बोजा जास्त आणि ताबा कमी ही जोडी माणसाला आतून पोखरते, असं रॉबर्ट कॅरॅसेक यांनी १९७९ मध्येच मांडलं होतं.

हा ताब्याचा मुद्दा गोव्यात रोज डोळ्यांसमोर असतो, पण आपण त्याला वेगळंच काहीतरी म्हणतो. सरकारी नोकरीमागे लागलेल्या मुलांना आळशी म्हणायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. दरडोई उत्पन्नात देशात वरच्या क्रमांकावर असलेल्या या राज्यात बेरोजगारीचं प्रमाण मात्र राष्ट्रीय सरासरीपेक्षा बरंच जास्त दिसत आलं आहे. मुलं वेर्ण्याच्या, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतली नोकरी सोडून कारकुनाच्या जागेसाठी अर्ज भरत बसतात. २०२४ च्या अखेरीस सरकारी नोकरी लावून देतो म्हणून लाखो रुपये उकळल्याची प्रकरणं एकामागून एक उघड झाली, तेव्हा पैसे देणाऱ्यांत कष्टाने पै-पै जमवणारे आईबाप होते. लाच देणं गुन्हाच आहे, त्याचं समर्थन होऊ शकत नाही. पण माणसं एवढी मोठी जोखीम कशासाठी घेतात हा प्रश्न तरी विचारायला हवा. निव्वळ पगारासाठी नाही.

चतुर्थीचं घ्या. गोव्यातल्या हिंदू घरात चतुर्थीला मूळ घरी जमायचं, गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची, भावंडांनी एकत्र जेवायचं, आरत्यांना घरोघर फिरायचं, हे चुकलं तर वर्ष वाया गेल्यासारखं वाटतं. सरकारी कर्मचाऱ्याला ते दिवस ठाऊक असतात. हॉटेलात, मॉलमध्ये, सुरक्षारक्षकाच्या नोकरीत असलेल्याला आदल्या संध्याकाळपर्यंत कळत नाही. किंवा नाटक घ्या. जत्रेला, कालोत्सवाला गावातल्या मुलांनी मराठी नाटक बसवायचं ही इथली जुनी रीत. पेडण्याकडचा एक मुलगा, किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात स्वागतकक्षात काम करणारा, चांगला नट. यंदा त्याला मोठी भूमिका मिळाली होती. पुढच्या आठवड्याच्या ड्यूटीचा तक्ता शनिवारी रात्री लागायचा, त्यातही सोमवारी बदल व्हायचा. तालमींना तो कधी येणार हे त्यालाच सांगता येईना. शेवटी भूमिका दुसऱ्याला द्यावी लागली. त्याचा पगार पंचायतीत लागलेल्या मित्रापेक्षा थोडा जास्तच आहे. तो मित्र नाटकात होता, हा नव्हता. या मुलाने आता सरकारी परीक्षेचा अर्ज भरला आहे आणि त्याला आळशी म्हणायची माझी हिंमत नाही. आपलं आयुष्य आपल्याला आधी कळावं, एवढीच त्याची मागणी आहे.

गोव्याबाहेरच्यांना सुशेगाद, म्हणजे निवांतपणा, हा इथल्या माणसाचा स्वभाव वाटतो आणि पर्यटनाच्या जाहिराती तो तसाच विकतात. मला तो स्वभावापेक्षा वेळापत्रकाचा परिणाम वाटतो. जुन्या बाजारपेठेतलं दुकान दुपारी एकला बंद व्हायचं ते साडेतीन-चारला उघडायचं. घर चालत जाण्याच्या अंतरावर. मालक घरी जाऊन हुमण-भात जेवायचा, नोकरही जेवायचा, दोघंही घटकाभर आडवे व्हायचे. परसात दोन माड, एक फणस, त्यामुळे दुकान एक दिवस चाललं नाही तर जीव टांगणीला लागत नसे. त्याच घरातली मुलगी आज शोरूममध्ये सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत असते, जेवायला अर्धा तास, तोही गिऱ्हाईक नसेल तेव्हा. रक्त तेच, गाव तेच, संस्कार तेच. तिच्या चेहऱ्यावर सुशेगाद कुठे दिसतो?

आणि जुन्या काळातही तो सगळ्यांच्या वाट्याला सारखा नव्हता, हेही बोललं पाहिजे. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, निवांत दुपारी त्याच्या जमिनीत राहणाऱ्या मुंडकाराच्या राबण्यावर उभ्या होत्या. भाटकाराच्या जमिनीत झोपडी, त्याच्या माडांची राखण, बोलावतील तेव्हा हजर, आणि मर्जी फिरली तर चूलबोळकं उचलून बाहेर. त्या माणसालाही समाधानी राहायला सांगणारे कमी नव्हते. १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा आणि १९७६ ची कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती यांनी जे केलं ते शंभर प्रवचनांनी झालं नसतं. घरातून कुणी काढणार नाही, एवढा भरवसा मिळाल्यावर मुलांना शाळेत घालायचा, अंगणात चार झाडं लावायचा विचार माणसाच्या मनात येतो. मन बदललंच, पण आधी पायाखालची जमीन पक्की झाली. आजही कितीतरी मुंडकारांचे दावे मामलेदारांकडे पडून आहेत आणि ज्या घरात असा दावा पडून आहे तिथली बेचैनी जवळून बघितलेल्या माणसाला हा मुद्दा पटवून द्यावा लागत नाही.

आता मनाबद्दल, कारण समोरच्या बाजूचं म्हणणं हलकं नाही. एकाच कार्यालयात, शेजारच्या टेबलांवर, सारख्या पगारावर बसणाऱ्या दोघांतला एक हसतमुख आणि दुसरा सदा त्रासलेला, हे आपण रोज बघतो. सगळं असूनही दुःखी असणारी माणसं आहेत आणि काही नसताना घर हसतं ठेवणाऱ्या बायका प्रत्येक वाड्यावर आहेत. एमी रेझ्नेस्की आणि जेन डटन यांनी २००१ साली अमेरिकेतल्या एका इस्पितळातल्या सफाई कामगारांबद्दल लिहिलं. काहींना ते काम म्हणजे निव्वळ झाडलोट वाटायची. काही मात्र स्वतःला रुग्ण बरा करणाऱ्यांपैकी एक समजत. रुग्णाची विचारपूस करत, नातेवाइकांना वाट दाखवत, परिचारिकांना हात देत. काम एकच, समाधान वेगळं. हे मला मनापासून पटतं आणि अशी माणसं गोव्यातल्या इस्पितळांतही मी बघितली आहेत.

पण त्या समाधानी सफाई कामगारांना एक गोष्ट मिळाली होती: आपल्या कामाला स्वतःचा आकार देण्याची मुभा. रुग्णाजवळ दोन मिनिटं थांबलं तर त्यांना कुणी ओरडत नव्हतं. प्रत्येक खोलीला मिनिटं ठरवून दिली, रुग्णाशी बोलायला मनाई केली आणि कंत्राट दर काही महिन्यांनी बदलतं ठेवलं, तर तीच बाई, तेच चांगलं मन घेऊन, काय करणार? मनाची ताकद खरी आहे, पण तिला वावरायला जागा लागते. दुसरं असं की दोन शेजाऱ्यांतल्या फरकावरून फक्त त्या दोघांबद्दल कळतं. सगळं कार्यालयच त्रासलेलं असेल तेव्हा प्रत्येकाचं मन वेगवेगळं तपासत बसण्यात अर्थ नाही.

समाधानाची शिकवण आपल्याकडे संतांपासून आहे आणि ती मला प्रिय आहे. म्हणूनच तिचा असा वापर झालेला बघवत नाही. तुकोबांचं घर महाजनाचं, सावकारीचं. दुष्काळात पहिली बायको गेली, व्यापार बुडाला. त्यानंतर त्यांनी भावाबरोबर कर्जखतांची वाटणी केली आणि आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत सोडून दिली, असं परंपरा सांगते. स्वतःच्या हालांत त्यांनी समाधान शोधलं. कर्जदारांना मात्र समाधान मानायला सांगितलं नाही, त्यांचं कर्जच बुडवलं. स्वतःच्या बाबतीत मन आवरायचं आणि दुसऱ्याच्या बाबतीत त्याची परिस्थिती सुधारायची, हा जो क्रम त्यात आहे तो आज नेमका उलटा झाला आहे.

मन घडवण्याच्या या कार्यक्रमांनी निदान उपयोग तरी होतो का? विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांची माहिती तपासून २०२४ साली निष्कर्ष मांडला. ताण सोसण्याचं प्रशिक्षण, ध्यानाचे वर्ग, मन शांत ठेवणारी मोबाइल ॲप यांत भाग घेतलेले कर्मचारी, भाग न घेतलेल्यांपेक्षा बऱ्या मनःस्थितीत आढळले नाहीत. स्वयंसेवेची संधी हा एक अपवाद दिसला. एका वेळच्या पाहणीवरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे मी जाणते, आणि घरी स्वतःहून ध्यान करणाऱ्याला त्याचा लाभ होत असेल तर आनंदच आहे. पण कंपनीने कामाला हात न लावता कामगाराचं मन दुरुस्त करायला घेतलं की फळ मिळतं, असा पुरावा या मोठ्या पाहणीत तरी सापडला नाही. दुसरीकडे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये सांगितलं की आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा सुमारे ३५ टक्के जास्त असतो. त्या तासांपुढे कृतज्ञतेची चिठ्ठी काय करणार?

परिस्थिती बदला असं म्हटलं की लोकांना क्रांती आठवते. मला एक स्टूल आठवतं. म्हापशाच्या एका कपड्यांच्या दुकानात ओळखीची एक मुलगी कामाला आहे. काउंटरमागे पूर्वी एक प्लास्टिकचं स्टूल होतं. गिऱ्हाईक आलं आणि मुलगी बसलेली दिसली तर दुकान मरगळलेलं वाटतं, म्हणून ते काढून टाकलं गेलं. आता दिवसभर उभं राहायचं. गिऱ्हाईक नसताना ती काउंटरला कंबर टेकवते, एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेते, आणि कुणी येताना दिसलं की ताठ होते. घरी गेल्यावर पोटऱ्यांना खोबरेल तेल चोळून, पाय भिंतीला लावून पडते. तिला कुणी विचारलं की तू नोकरीत खूश आहेस का, तर ती हसून हो म्हणते. तिच्या त्या हसण्यावर मी जाणार नाही, तिच्या पोटऱ्यांवर जाईन.

कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्यांना बसायची सोय द्यावी, असं १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४४ व्या कलमात लिहिलेलं होतं. दुकानातल्या बायका त्यातून सुटल्या होत्या. केरळात कोझिकोडच्या कापडबाजारातल्या विक्रेत्या बायका पी. विजी यांच्या पुढाकाराने एकत्र आल्या, वर्षानुवर्षं भांडल्या, आणि २०१८ साली केरळने दुकानांच्या कायद्यात बदल करून त्यांना बसण्याचा हक्क दिला. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तसंच केलं. त्या बायकांना कुणीतरी सकारात्मक राहायला सांगितलं असेलच. त्यांनी ते ऐकून घेतलं असतं तर आजही त्या उभ्याच असत्या. मनोवृत्ती म्हणायची तर ती ही: आपल्याला होणारा त्रास हा आपल्या मनाचा दोष नाही, हे ओळखून शेजारणीला तसं सांगण्याची.

एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. गोव्यातले बरेच मालक लहान आहेत. चार खोल्यांचं गेस्टहाउस, दोन नोकरांचं दुकान, पावसाळ्यात महिनोन् महिने रिकामं राहणारं रेस्टॉरंट. मोसमावर पोट असलेल्या मालकाला बारा महिने सगळ्यांना कायम ठेवणं परवडत नाही, हे मला कळतं. त्याचीही झोप उडालेली असते आणि त्यालाही कुणी मनाचे धडे देऊ नयेत. हंगामी कामगाराला पावसाळ्यात आधार कसा द्यायचा हा सरकारचा प्रश्न आहे, एकट्या मालकाच्या खिशातून तो सुटणार नाही. पण माणसाचं मन ज्या गोष्टींनी रोज थोडंथोडं झिजतं त्यांतल्या पुष्कळशा गोष्टींना पैसा लागत नाही किंवा नगण्य लागतो. ड्यूटीचा तक्ता पंधरा दिवस आधी लावता येतो. चतुर्थी कधी आहे हे कॅलेंडरात वर्षभर आधी छापलेलं असतं, तेव्हा कुणाला कोणते दिवस सुट्टी हे जूनमध्येच सगळ्यांना बसवून ठरवता येतं. नेमणुकीचं पत्र हातात देता येतं. चुकलं तर चारचौघांत न बोलता बाजूला घेऊन बोलता येतं. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी फोन न करणं तर फुकटच आहे.

मोठ्या कंपन्यांना मात्र परवडत नाही हे कारण चालणार नाही. प्रशिक्षणाच्या शिबिरावर जो खर्च होतो तो आधी कामगारांना विचारून करावा: तुम्हाला शिबिर हवं, की विसाव्याची खोली, की रात्रपाळीनंतर घरापर्यंत गाडी? निनावी चिठ्ठ्याच वाटायच्या तर हा प्रश्न त्यांवर छापावा आणि आलेली उत्तरं कॅन्टीनच्या भिंतीवर लावावीत. आपल्या विधानसभेने दुकानातल्या बसण्याच्या हक्काबद्दल केरळइतकी स्पष्ट तरतूद करावी, आणि कामगार खात्याचा निरीक्षक दुकानात जाईल तेव्हा त्याने हजेरीपट तपासून झाल्यावर काउंटरच्या मागे जाऊन स्टूल आहे का तेही बघावं.